देहातले रण : श्रीगोंद्याचा ‘योगसंग्राम’

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. सतराव्या शतकात या गावात शेख महंमद या मुसलमान संतकवीने ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ लिहिला. शके 1567, म्हणजे इ.स. 1645 मध्ये तो पूर्ण झाला. ग्रंथाचे 18 भाग आहेत आणि प्रत्येक भागाला ‘प्रसंग’ म्हटले आहे. नावात संग्राम असला तरी यात कोणा राजाची स्वारी नाही आणि कोणत्या गडाचा वेढाही नाही. माणसाच्या आत चाललेले युद्ध हा ग्रंथाचा विषय आहे. एका बाजूला विवेक, वैराग्य आणि गुरूचा बोध. दुसऱ्या बाजूला काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर आणि या सर्वांचा धनी असलेला अहंकार. नीती आणि तत्त्वज्ञान कल्पित कथेच्या रूपात मांडण्याची जी परंपरा मराठीत आहे, तिच्यातले हे एक ठळक आणि काहीसे दुर्लक्षित पान आहे.

शेख महंमदांचा काळ साधारणपणे 1560 ते 1650 असा मानतात. या नव्वद वर्षांत श्रीगोंद्याच्या आसपासचा मुलूख क्वचितच शांत राहिला. अहमदनगरच्या निजामशाहीवर मोगलांनी 1595 मध्ये चाल केली, चाँदबिबीने किल्ला झुंजवला, पण 1600 मध्ये तो पडला. त्यानंतर मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली. 1624 मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडीला मोठी लढाई झाली. 1630 ते 1632 या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. तुकारामांच्या आयुष्याची घडी मोडली ती याच दुष्काळात. अखेर 1636 मध्ये निजामशाही संपली आणि तिचा मुलूख मोगल व आदिलशाही यांनी वाटून घेतला. ‘योगसंग्राम’ पुरा झाला तो त्यानंतर नऊ वर्षांनी. चहूकडे खरी लढाई पाहिलेल्या माणसाने लढाईचे रूपक निवडले, ही गोष्ट हा ग्रंथ वाचताना विसरता येत नाही. घोडेस्वार, हत्यारे, फंदफितुरी हे सारे त्या काळच्या श्रोत्याला ऐकीव नव्हते, ते त्याच्या वेशीपर्यंत आलेले होते. म्हणून ज्या युद्धात मारायचे ते स्वतःचेच अवगुण आहेत, अशा युद्धाची कल्पना त्याला चटकन कळत असणार, आणि ती बोचतही असणार.

परंपरा शेख महंमदांचे नाव भोसले घराण्याशी जोडते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे हे त्यांचे शिष्य होते, त्यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यास आणून मठ बांधून दिला व जमीन लावून दिली, असे सांगितले जाते. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. मालोजीराजांच्या दोन मुलांची नावे, शहाजी आणि शरीफजी, अहमदनगरचे सूफी पीर शाह शरीफ यांच्यावरून ठेवली गेली, हे सर्वश्रुत आहे. त्या शरीफजींना भातवडीच्या रणातच वीरमरण आले. सूफी पीर, वारकरी, नाथपंथी आणि दत्तभक्त यांची एकमेकांकडे ये-जा असलेला हा मुलूख होता, आणि सरदार घराणी त्या सर्वांना मानत.

शेख महंमदांचे गुरू चांद बोधले हे कादिरी परंपरेतले सूफी. त्यांची समाधी दौलताबादेत आहे. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांनाही चांद बोधल्यांनी जवळ केले आणि जनार्दनस्वामींनी एकनाथांना उपदेश दिला, असे शेख महंमद ‘योगसंग्रामा’त सांगतात. एकनाथांच्या चरित्रपरंपरेत मात्र जनार्दनस्वामींचे गुरू दत्तात्रेय आहेत, आणि ते दत्तात्रेय मलंगाच्या, म्हणजे मुसलमान फकिराच्या, वेषात दर्शन देतात. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की मलंगाचा तो वेष फार बोलका वाटतो. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी या धाग्याचा माग काढला. तो मान्य केला तर श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि पैठणचे एकनाथ हे एकाच गुरुघराण्यातले ठरतात. एकनाथांनी मराठीत भारुडांतून सामान्य माणसाला परमार्थ सांगितला, शेख महंमदांनी युद्धकथेतून.

‘योगसंग्रामा’चे खरे बळ इथेच आहे. त्यात दोन विचारधारा एका ओवीत नांदतात. सूफी साधनेत ‘नफ्स’ म्हणजे माणसाला खाली ओढणारा स्व हा सर्वांत मोठा शत्रू मानला जातो, आणि त्याच्याशी झुंजणे ही बाहेरच्या कोणत्याही लढाईपेक्षा मोठी लढाई समजली जाते. योग आणि भक्तिमार्ग यांत षड्रिपू आहेत, प्राणजय आहे, मनोजय आहे. शेख महंमदांना या दोन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगण्याची गरज भासत नाही. ते पुराणातले दाखले देतात, योगातली परिभाषा वापरतात, स्वतःला उघडपणे अविंध, म्हणजे मुसलमान, म्हणवतात आणि हृदयात गोविंद असल्याचेही तितक्याच सहजपणे सांगतात. ‘पवनविजय’ या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथात श्वासाच्या साधनेचा विचार आहे, ‘निष्कलंकप्रबोधा’त मतामतांच्या दंभाचा समाचार आहे. हे सर्व एकत्र पाहिले म्हणजे ‘योगसंग्राम’ ही कवीची हौस राहत नाही, आयुष्यभर केलेल्या साधनेची ती कथा होते.

या युद्धात शत्रू ओळखणे हेच अवघड आहे. काम आणि क्रोध समोरून येतात. अहंकार मात्र भक्ताचा वेष घेऊन येतो. आपण ज्ञानी झालो, आपण साधू झालो, आपला पंथ थोर, आपले कुळ मोठे, ही सर्व त्याचीच रूपे. म्हणूनच शेख महंमदांचा रोष ढोंगी गुरूंवर सर्वाधिक आहे. शिष्य गोळा करणारे, चमत्काराची भुरळ पाडणारे, एकच ईश्वर सोडून भयापोटी क्षुद्र दैवतांच्या मागे लोकांना लावणारे यांना ते कडक शब्दांत फटकारतात. त्यांची भाषा अनेक ठिकाणी खरखरीत आहे, ज्ञानेश्वरीचा मऊपणा तिच्यात नाही. पण उपदेशाला जो धारदारपणा हवा तो या खरखरीतपणातूनच आला आहे, आणि तो ग्रंथाचा दोष मानण्याचे कारण नाही.

संतचरित्रांत त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. घरी बकरे कापण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सुरीची धार आधी स्वतःच्या बोटावर पाहिली. बोट कापले, कळ मस्तकात गेली, आणि या जिवालाही असेच दुखणार या जाणिवेने त्यांनी सुरी टाकली. कथा घडली तशीच घडली असेल किंवा नसेल. पण त्यांच्या ग्रंथातली नीती ज्यांनी ऐकली, त्यांनी त्यांच्याविषयी हीच कथा जपावी, यात मोठे औचित्य आहे. शस्त्र आधी स्वतःवर चालवून पाहणे, हाच तर ‘योगसंग्रामा’चा आशय आहे.

मनातल्या झगड्याला युद्धाचे रूप देणे ही कल्पना त्यांच्याही आधीची आहे. अकराव्या शतकात चंदेल राजा कीर्तिवर्म्याच्या आश्रयाने कृष्णमिश्राने ‘प्रबोधचंद्रोदय’ हे संस्कृत नाटक लिहिले. त्यात विवेक आणि महामोह हे दोन राजे आपापले सैन्य घेऊन लढतात. युरोपात इ.स. 400 च्या सुमारास प्रुडेन्शियस या लॅटिन कवीने सद्गुण आणि दुर्गुण यांची प्रत्यक्ष हातघाई रंगवली. हीच परंपरा आजच्या काळात विज्ञानकल्पित चित्रमालिकांत अवतरली आहे. जपानमध्ये 1995 मध्ये सुरू झालेली हिदेआकी आन्नो यांची ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही 26 भागांची मालिका महाकाय यंत्रदेहांत बसून परक्या शत्रूंशी लढणाऱ्या मुलांची आहे. शेवटच्या दोन भागांत रणांगण बाजूला पडते आणि सारी कथा शिंजी या मुलाच्या मनात शिरते. मी कोण, माझे मोल कोण ठरवतो, दुसऱ्याच्या सहवासाचे भय का वाटते, हे प्रश्न तिथे शत्रूची जागा घेतात. यंत्राचे कवच आणि आत बसलेला घाबरा जीव, ही मांडणी देह आणि जीव यांच्या जुन्या मांडणीपासून फार दूर नाही.

फरक आहे तो शेवटात. चित्रमालिकेतला मुलगा अखेर स्वतःला स्वीकारायला शिकतो. ‘मी’ असण्याला हरकत नाही, हे त्याला उमगते. शेख महंमदांच्या संग्रामात विजय म्हणजे तो ‘मी’ उरतच नाही. शिवाय शिंजी एकटा आहे, वडील असूनही पोरका. ‘योगसंग्रामा’तला साधक गुरूवाचून एक पाऊल टाकत नाही. गुरूंवर इतका विश्वास असलेला कवी खोट्या गुरूंवर इतका तुटून का पडतो, याचे उत्तर यातच आहे: ज्याच्या हातात आपण आपला जीव देतो, तोच खोटा निघाला तर लढाई सुरू होण्याआधीच हरली.

पुढच्या काळात श्रीगोंदे शिंदे घराण्याच्या जहागिरीत आले, महादजी शिंद्यांच्या नावाशी जोडले गेले आणि तिथे शिंद्यांचे वाडे उभे राहिले. राजकीय इतिहासात गावाची ओळख बहुधा याच नात्याने होते. तालुक्यातल्या पेडगावच्या बहादूरगडामुळेही होते. शेख महंमदांचा ग्रंथ मात्र मठांतून आणि हस्तलिखितांतून टिकून राहिला. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांपुढे तो नीट आणला तो वा. सी. बेंद्रे यांनी. शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणणारे आणि संभाजी महाराजांचे साधार चरित्र लिहिणारे हेच ते इतिहाससंशोधक. त्यांनी संपादलेला ‘योगसंग्राम’ 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहून शेख महंमदांना त्यांच्या परंपरेत बसवून दाखवले.

शेख महंमदांची समाधी श्रीगोंद्यात आहे. त्या स्थळी दोन्ही धर्मांचे लोक पिढ्यानपिढ्या येत आले आहेत. ते स्थान कोणाचे, यावर वाद घालण्याआधी प्रत्येकाने ‘योगसंग्रामा’चा निदान एक प्रसंग वाचावा. ज्यांच्या नावाने तिथे हात जोडले जातात, त्यांनी कोणत्या शत्रूशी लढायला सांगितले होते, ते त्यात लिहिलेले आहे.