घरगुती पत्रांतली वाट : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

कोरेगाव भीमा म्हटले की १ जानेवारी १८१८ चा लढाईचा दिवस आठवतो. इंग्रजांचा कॅप्टन स्टाँटन आदल्या रात्री शिरूरहून तुकडी घेऊन निघाला आणि सकाळी भीमेकाठच्या या गावी पोचला. पण या गावावरून जाणाऱ्या पुणे-नगर वाटेवर त्या काळात माणसांची खरी वर्दळ होती ती बाळंतपणाची, मुंजीची, लग्नाची आणि मातीला जाणाऱ्यांची. तिचा माग घरगुती पत्रांत सापडतो.

राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई या इतिहाससंशोधकांनी जुने कागद जमवले नसते, तर आपल्याला वाचायला फारसे काही उरले नसते. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे सरदेसाईंचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. मात्र या पिढीचा शोध मुख्यतः राजकारणाचा होता. ‘मुलीस आणावयास माणूस कधी पाठवावा’ अशा मजकुरावर वाचकाची नजर सहसा ठरत नाही. माझे मत असे की अभ्यासाला सुरुवात नेमकी त्याच मजकुरापासून करावी.

तिथीचेच पाहा. मृत्यूची बातमी कोणत्या दिवशी कानी आली, यावर सुतकाचे दिवस ठरत; म्हणून पत्रातली तिथी आणि पत्र पोचल्याची तिथी या दोन्हींना घरात वजन होते. निघण्याचा मुहूर्त साधत नसेल, तर सामानातली एखादी वस्तू शेजारी नेऊन प्रस्थान ठेवायचे आणि सोयीच्या दिवशी निघायचे. सासरच्या मुलीला मुऱ्हाळी, म्हणजे न्यायला येणारा माहेरचा माणूस, गेल्याशिवाय माहेरी येता येत नसे. त्यामुळे भाऊ मोकळा कधी, बैल नांगराला जुंपलेले आहेत की गाडीला मिळतील, हे सारे आधी ठरवावे लागे. पावसाळ्यात भीमेला उतार नसला की ठरलेले सगळे कोलमडे. पेरणी, पंचांग आणि नदीचे पाणी अशा तिघांच्या संमतीने एक मुलगी माहेरी येई. वरवर निरोपासारख्या दिसणाऱ्या ओळीत शेतीचे वेळापत्रक आणि घरातली सत्ता अशी दोन्ही वाचता येतात.

त्याच काळातल्या इंग्लंडमधल्या जमीनदार घरांची पत्रे वाचली तर ओळख पटते. जेन ऑस्टिनने बहीण कॅसान्ड्राला लिहिलेल्या पत्रांत कोण आजारी, कोणाची गाडी कधी येणार, सोबतीला कोण, हाच मजकूर भरलेला आहे. बाईने एकटीने प्रवास करू नये हा दंडक तिथेही होता. १८४० पूर्वी तिथे टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. आपल्याकडे १८५४ मध्ये अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असा दर आला. १८७९ मध्ये पोस्टकार्ड पाव आण्यात मिळू लागले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि पुण्याहून नगरला दौंडवरून वळसा घालून रेल्वेने जाता येऊ लागले. मग पत्रांत गाडीची वेळ आली, स्टेशनावर कोण उतरवून घेणार हा प्रश्न आला.

इथे थांबून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पत्र लिहिणाऱ्यांच्या पलीकडे पत्र आणि बातमी वाहणारे होते. गावोगाव मृत्यूची खबर पायी पोचवणे, सरकारी टपाल पुढच्या गावी देणे, वाटसरूला वाट दाखवणे ही कामे महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या करून घेतली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगाव भीमाच्या लढाईच्या जयस्तंभापाशी आले, आणि पुढे या वतनाविरुद्धही लढले. त्यांच्या आत्मकथनपर टिपणांतला १९०१ चा प्रवास या अभ्यासात प्रत्येकाने वाचावा. सातारा जिल्ह्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघालेल्या लहानग्या आंबेडकरांनी आणि सोबतच्या मुलांनी येण्याचा दिवस पत्राने कळवला होता; शिपायाने ते वडिलांना दिलेच नाही. मसूर स्टेशनावर न्यायला कोणी आले नाही, जात कळताच गाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली आणि गाडीवान सोबत पायी चालला. पत्र चुकले तर सरंजामदाराच्या घरी थोडी गैरसोय होई. इथे लहान मुलांची अन्नपाण्यावाचून रात्र गेली. घरगुती पत्रांचा इतिहास या दोन्ही घरांना एकत्र ठेवूनच लिहिला पाहिजे.

या अभ्यासाला मोडी यायला हवी, जुने पंचांग चाळता यायला हवे आणि नकाशावर नदीचे उतार शोधण्याची हौस हवी. शिरूर-दौंडकडच्या वाड्यांतून आणि वस्त्यांतून अजूनही पत्रांच्या चळती, पोस्टकार्डांचे गठ्ठे, रुमालात बांधलेले कागद असतील. ते रद्दीत देऊ नका. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नावे आणि नाती लिहून घ्या, मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत दाखवा.