ऑक्टोबरचा निवाडा

गणिताचा शिक्षक म्हणून तीस वर्षे मी एक गोष्ट पाहत आलो. वर्षभर वर्गात पहिला असणारा मुलगा बोर्डाच्या तीन तासांत कुठेतरी अडखळतो आणि पुढे ती गुणपत्रिकाच त्याची ओळख होऊन बसते. निवृत्तीनंतर मुलीकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा टीव्हीवर ऑक्टोबरातले बेसबॉल पाहताना हाच जुना प्रश्न पुन्हा भेटला. प्रत्येक संघ १६२ सामन्यांचा हंगाम खेळतो आणि जेतेपद मात्र शेवटच्या महिन्याभरात ठरते. ही पद्धत आली कुठून, हे शोधायला मी बसलो.

अमेरिकेत दोन प्रमुख लीग आहेत : १८७६ सालची नॅशनल लीग आणि १९०१पासून तिच्याशी बरोबरीचा दावा करणारी अमेरिकन लीग. त्या काळी दोघींचे आठ-आठ संघ आपापल्यांतच खेळत. जो संघ तक्त्यात वर, तो विजेता. हिशेब सरळ होता. १९०३ साली पिट्सबर्ग संघाचे मालक बार्नी ड्रायफस यांनी बॉस्टनच्या मालकांशी बोलून दोन्ही विजेत्यांची नऊ सामन्यांची मालिका ठरवली. बॉस्टनने ती ५-३ अशी जिंकली. ड्रायफस यांनी मालक म्हणून आलेला आपला वाटाही खेळाडूंना देऊन टाकला, त्यामुळे हरलेल्यांच्या हाती जिंकलेल्यांपेक्षा जास्त पैसे पडले! आजच्या ‘वर्ल्ड सीरिज’ची ही सुरुवात.

पुढच्याच वर्षी ती खंडित झाली. नॅशनल लीग जिंकलेल्या न्यूयॉर्क जायंट्सचे मालक जॉन ब्रश आणि व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी खेळायला साफ नकार दिला. अमेरिकन लीग त्यांच्या लेखी दुय्यम होती, आणि तिचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्याशी मॅग्रॉ यांचे वैरही होते. नकारामागे अहंकार होता, हे खरेच. पण त्यातून एक प्रश्न उभा राहिला. हंगामभर खेळून लीग जिंकल्यावर आणखी सिद्ध करायचे काय उरते? चौफेर टीका झाली. मग याच ब्रश यांनी मालिकेचे नियम बांधून दिले आणि १९०५ साली त्या नियमांनुसार सात सामन्यांची मालिका झाली. एक नियम मोठा मार्मिक होता : खेळाडूंना वाटा फक्त पहिल्या चार सामन्यांच्या उत्पन्नातून मिळणार. पैशांसाठी कोणी मालिका लांबवू नये, म्हणून ही तजवीज.

मॅग्रॉ यांच्या नकारातला प्रश्न १९०६ साली खरा ठरला. शिकागो कब्ज संघाने ११६ सामने जिंकले आणि फक्त ३६ गमावले. दुसऱ्या क्रमांकावरच्या जायंट्सपेक्षा त्यांचे विजय वीसने जास्त होते. वर्ल्ड सीरिजमध्ये समोर आला त्याच शहरातला व्हाइट सॉक्स. ९३ विजयांचा आणि आपल्या लीगमध्ये फलंदाजीत सर्वांत दुबळा. मालिका व्हाइट सॉक्सने ४-२ अशी जिंकली.

तरीही १९६८पर्यंत नियमित हंगामानंतर दोन विजेत्यांची ही एकच मालिका होती. १९६९ साली संघ चोवीस झाले. बारा संघांच्या तक्त्यात तळाला असलेल्यांचा हंगाम जुलैतच संपल्यासारखा होई. म्हणून प्रत्येक लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट पाडले आणि गटविजेत्यांमध्ये आणखी एक मालिका आली. १९९५ साली त्याआधी तिसरी फेरी आली आणि गटात पहिला न आलेल्या एका संघाला ‘वाइल्ड कार्ड’ मिळू लागले. १९०३ साली सोळापैकी दोन संघ ऑक्टोबरात खेळले. २०२२पासून तीसपैकी बारा खेळतात.

याचा परिणाम काय, हे मी वहीत मांडून पाहिले. समजा, एखादा संघ इतका सरस आहे की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध शंभरातले पंचावन्न सामने तोच जिंकेल. सात सामन्यांची एक मालिका तो जिंकण्याची शक्यता साधारण ६१ टक्के. पण आधी पाच सामन्यांची एक आणि मग सात-सात सामन्यांच्या दोन अशा ओळीने तीन मालिका त्याला जिंकायच्या असतील, तर हीच शक्यता सुमारे २२ टक्क्यांवर येते. फेऱ्या वाढल्या की उत्तम संघाचे हरणे हा अपवाद राहत नाही, तो रिवाज होतो. २०२२ साली १११ सामने जिंकणारा लॉस एंजेलिस डॉजर्स पहिल्याच मालिकेत ८९ विजयांच्या सॅन डिएगोकडून हरला, तो या हिशेबाला धरूनच.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट मात्र १९८१ची. खेळाडूंच्या संपामुळे हंगाम मधेच तुटला. संपाआधीचा आणि नंतरचा असे दोन भाग करून प्रत्येक भागातल्या गटविजेत्यांना प्लेऑफमध्ये घेतले गेले. सिनसिनाटी रेड्स दोन्ही भागांत थोडक्यात दुसरा राहिला. दोन्ही भागांची बेरीज केली, तर त्याचे ६६ विजय आणि ४२ पराभव. सव्वीस संघांत हीच कामगिरी सर्वोत्तम. प्लेऑफमध्ये त्याला जागाच नव्हती. संघाने शेवटी स्वतःच्या मैदानावर स्वतःच फलक फडकवला : १९८१ची बेसबॉलमधली सर्वोत्तम कामगिरी.

लोक त्या फलकाला हसले असतील. मला हसू आले नाही. ऑक्टोबर नको, असे मी म्हणणार नाही; त्या रात्री शेवटच्या चेंडूपर्यंत मीही खुर्चीच्या टोकावर बसलो होतो. पण सहा महिन्यांचे काम आणि काही रात्रींची हिंमत हे दोन वेगळे गुण आहेत, आणि ट्रॉफी एकालाच मिळते. बोर्डात अडखळलेल्या माझ्या मुलांसाठी असा एखादा फलक शाळेच्या भिंतीवर मला कधी लावता आला नाही, एवढेच त्या रात्री राहून राहून वाटत राहिले.