सर्व्हर दोन असले म्हणून बॅकअप झाला असे नाही

पतसंस्था असो, हॉस्पिटल असो की कॉलेजचे प्रवेश पोर्टल, महत्त्वाचे सॉफ्टवेअर हल्ली एकाच सर्व्हरवर ठेवत नाहीत. दोन-तीन सर्व्हर जोडून क्लस्टर करतात. एक बंद पडला की दुसरा थोड्याच वेळात काम हातात घेतो, याला फेलओव्हर म्हणतात. कंत्राटात ‘९९.९ टक्के उपलब्धता’ लिहिलेले असते. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ५३ मिनिटे. पण हे आकडे सेवा चालू राहण्याचे आहेत, डेटा शाबूत राहण्याचे नव्हेत. गल्लत होते ती इथेच.

पावतीपुस्तकात कार्बन घालून लिहिताना रक्कम चुकली तर खालच्या प्रतीवरही चुकीचीच उमटते. क्लस्टरचे तसेच आहे. कुणी चुकून खाती पुसली, तर ती दुसऱ्या सर्व्हरवरूनही पाठोपाठ जातात.

गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचे काम सांभाळणारी नावाजलेली कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथे दुय्यम डेटाबेसची नक्कल मागे पडली होती. ती दुरुस्त करताना इंजिनियरने दुय्यमऐवजी मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप कधीपासून फेल होत होता. डेटाबेसची आवृत्ती ९.६ आणि बॅकअपचे साधन ९.२ चे. फेल झाल्याचे ई-मेल निघत होते, पण मेलच्या तपासणीत अडकून कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वी चाचणीसाठी हाताने घेतलेली प्रत. तीही मंद डिस्कवर, त्यामुळे परत आणायला अठरा तासांच्या आसपास लागले. कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीर केले, हे मात्र मानायला हवे.

म्हणून नियोजन दोन प्रश्नांपासून करावे. किती वेळाचा डेटा गेला तर चालेल? आणि किती वेळात पुन्हा सुरू व्हायला पाहिजे? काउंटरचे व्यवहार पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गमवायचे नसतील, तर रात्रीचा एक बॅकअप पुरत नाही. पूर्ण बॅकअपच्या जोडीला डेटाबेसचा लॉग, म्हणजे बदलांची कीर्द, दर काही मिनिटांनी बाहेर पाठवावी लागते. मग ‘चूक झाली त्याच्या मिनिटभर आधी’ इथपर्यंत मागे जाता येते.

पूर्ण बॅकअप शक्यतो दुय्यम सर्व्हरवरून घ्यावा, म्हणजे मुख्य सर्व्हरवर ताण येत नाही. पण तो दुय्यम किती मागे आहे ते आधी बघावे, नाहीतर शिळ्या डेटाचा बॅकअप होतो. आणखी एक खाचखळगा: बॅकअपचे वेळापत्रक पहिल्या सर्व्हरवर लावलेले असते, फेलओव्हर होऊन काम दुसऱ्याकडे गेले की बॅकअप गुपचूप थांबतो. क्लस्टरची सेटिंग आणि एन्क्रिप्शनची किल्ली यांचीही प्रत पाहिजे. किल्लीविना बॅकअप म्हणजे कुलूपबंद तिजोरी.

प्रत ठेवायची कुठे? १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएचक्लाउडचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच जागेत होता. जुना नियम साधा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. त्या बाहेरच्या प्रतीला क्लस्टरचाच पासवर्ड देऊ नये. रॅन्समवेअर आत शिरले तर त्याच वाटेने तिथेही जाते.

अंतराचा हिशेबही आधीच करावा. २ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून परत आणायला, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, सुमारे ४४ तास लागतात. ‘चार तासांत सुरू करू’ असे लिहून दिले असेल, तर एक प्रत जवळही ठेवावीच लागेल.

तिमाहीत एकदा तरी बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून बघावा. ‘सक्सेसफुल’ असा हिरवा शेरा पुरेसा नाही. त्या प्रतीवरून तेरीज काढावी, चालू सर्व्हरच्या त्याच तारखेच्या तेरजेशी जुळवावी आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. ही चाचणी कुणी करायची आणि खर्च कुणाचा, हे कंत्राटात सहीआधीच घालून घ्यावे.