मोबाइल नकाशे : कंपन्यांची चुरस आणि वाटसरूंची परवड

सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲपल कंपनीने आयफोनमधील गूगलचे नकाशे काढून टाकले आणि त्यांच्या जागी स्वतःचे नकाशे दिले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांत कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी टिम कुक यांना ग्राहकांची जाहीर क्षमा मागावी लागली. मोबाइल नकाशांच्या वाटचालीत हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते. नकाशा एकदा तयार करून कायम वापरता येत नाही, तर जमिनीवरील बदलांची नोंद त्यात सतत घ्यावी लागते आणि त्या कामात कसूर झाल्यास त्याची किंमत वाटसरूला मोजावी लागते, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

सहकार्याचा काळ

गूगलची नकाशा सेवा ८ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील सिडनी इथे लार्स आणि येन्स रासमुसेन या डॅनिश बंधूंनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेली एक छोटी कंपनी गूगलने २००४ मध्ये विकत घेतली होती. तिच्या कामातून ही सेवा आकाराला आली. उपग्रहचित्रे पुरवणारी कीहोल ही कंपनीही गूगलने त्याच वर्षी ताब्यात घेतली.

९ जानेवारी २००७ रोजी ॲपलचे संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन सादर केला, तेव्हा त्यात गूगलचे नकाशे होते. गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट त्या समारंभात व्यासपीठावर उपस्थित होते. ते २००६ पासून ॲपलच्या संचालक मंडळाचे सदस्यही होते. पडद्यावर दिसणारे नकाशाचे ॲप ॲपलने तयार करायचे आणि त्यातील नकाशे गूगलने पुरवायचे, अशी कामाची विभागणी होती.

दुराव्याची कारणे

गूगलने २००५ मध्ये अँड्रॉइड ही कंपनी विकत घेतली होती. अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला आणि दोन्ही कंपन्या एकमेकींच्या थेट प्रतिस्पर्धी झाल्या. ऑगस्ट २००९ मध्ये श्मिट ॲपलच्या संचालक मंडळातून बाहेर पडले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने अँड्रॉइड फोनसाठी विनामूल्य मार्गदर्शन सेवा जाहीर केली. कोणत्या वळणावर कुठे वळायचे, हे चालकाला बोलून सांगणारी ही सोय होती. मोटारीत बसवायची दिशादर्शक यंत्रे विकणाऱ्या गार्मिन आणि टॉमटॉम या कंपन्यांचे समभाग या घोषणेच्या दिवशी कोसळले. आयफोनवरील गूगल नकाशांत मात्र ही बोलकी सोय आली नाही. आपल्या फोनमधील एक महत्त्वाची सुविधा प्रतिस्पर्ध्याच्या हाती आहे, ही अडचण ॲपलच्या लक्षात आली होती. कंपनीने २००९ मध्ये प्लेसबेस, २०१० मध्ये पॉलीनाइन आणि २०११ मध्ये सी-थ्री टेक्नॉलॉजीज या नकाशाक्षेत्रातील कंपन्या विकत घेतल्या. अखेर ११ जून २०१२ रोजी ॲपलने स्वतःच्या नकाशांची घोषणा केली आणि १९ सप्टेंबर रोजी ते ग्राहकांच्या हाती पडले.

नकाशा कसा तयार होतो

फोन उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे ठिकाण शोधतो. त्या ठिकाणी रस्ता आहे की ओढा, हे मात्र उपग्रह सांगत नाही. ती माहिती नकाशाच्या साठ्यातून येते. या साठ्यात रस्ते, चौक, एकेरी वाहतूक, वेगमर्यादा, पूल, गावांची नावे, दुकाने आणि घरांचे पत्ते यांच्या असंख्य नोंदी असतात. शासकीय कागदपत्रे, विमानातून घेतलेली छायाचित्रे, रस्तोरस्ती फिरणाऱ्या मोटारींनी केलेले चित्रीकरण, खासगी पुरवठादारांच्या याद्या आणि वापरकर्त्यांनी कळवलेल्या दुरुस्त्या यांतून त्या गोळा केल्या जातात.

या निरनिराळ्या नोंदींचा मेळ घालणे हे सर्वांत अवघड काम असते. एकाच गावाचे नाव दोन याद्यांत दोन तऱ्हेने लिहिलेले असते. बंद पडलेले दुकान एका यादीत चालू दिसते. एकाच नावाची दोन गावे असतील, तर प्रवाशाला कोणते गाव अभिप्रेत आहे, हे संगणकाला ठरवावे लागते. माणसाला जी चूक पाहताक्षणी कळते, ती यंत्राच्या ध्यानात येईलच असे नाही. गूगलने अनेक वर्षे हजारो माणसांकरवी या नोंदी तपासून घेतल्या होत्या. ॲपलने टॉमटॉम आणि इतर पुरवठादारांकडून माहिती घेऊन नकाशे उभे केले, परंतु तपासणीसाठी लागणारा वेळ कंपनीने घेतला नव्हता.

चुकांची मालिका

ॲपलचे नकाशे येताच जगभरातून तक्रारी सुरू झाल्या. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून रचलेल्या त्रिमितीय दृश्यांत पूल वितळल्यासारखे वाकलेले दिसत होते. गूगलच्या नकाशांत असलेली बस आणि रेल्वेमार्गांची माहिती नव्या नकाशांत नव्हती. आयर्लंडची राजधानी डब्लिनच्या परिसरात एअरफील्ड नावाचे शेत आणि उद्यान आहे. केवळ नावामुळे तिथे विमानतळाची खूण दाखवण्यात आली होती. एखादा वैमानिक आणीबाणीच्या प्रसंगी तिथे विमान उतरवण्याचा प्रयत्न करील, असा इशारा आयर्लंडचे तत्कालीन न्यायमंत्री ॲलन शॅटर यांनी दिला आणि दुरुस्तीची मागणी केली.

सर्वांत गंभीर प्रकार ऑस्ट्रेलियात घडला. व्हिक्टोरिया राज्यातील मिल्ड्युरा शहराकडे निघालेले अनेक मोटारचालक या नकाशांच्या भरवशावर मरी-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या निर्जन भागात जाऊन अडकले. हे ठिकाण शहरापासून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. तिथे पाण्याची सोय नाही आणि तापमान ४६ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. काही जणांना २४ तासांपर्यंत अन्नपाण्याविना काढावे लागले. हा जिवाशी खेळ असल्याचे सांगून व्हिक्टोरिया पोलिसांनी डिसेंबर २०१२ मध्ये ॲपलचे नकाशे न वापरण्याची सूचना जारी केली. ऑस्ट्रेलियाच्या स्थळनामांच्या शासकीय सूचीत मिल्ड्युरा शहराबरोबरच त्याच नावाच्या विस्तीर्ण प्रशासकीय क्षेत्राचीही नोंद आहे आणि त्या क्षेत्राचा मध्यबिंदू उद्यानाच्या भागात येतो, ही बाब नंतर वृत्तांमधून पुढे आली. सूचीतील दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर होत्या. त्यांपैकी प्रवाशाला कोणती हवी, हे ओळखण्यात नकाशा चुकला होता. ॲपलने ही चूक लगेच दुरुस्त केली.

क्षमायाचना आणि फेरबदल

२८ सप्टेंबर २०१२ रोजी कुक यांनी ग्राहकांना उद्देशून पत्र प्रसिद्ध केले. आपली सेवा अपेक्षेला उतरली नाही, याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. सुधारणा होईपर्यंत बिंग, मॅपक्वेस्ट आणि वेझ यांचे नकाशे वापरावेत किंवा गूगल आणि नोकिया यांच्या संकेतस्थळांचा आधार घ्यावा, असेही त्यांनी सुचवले. एखाद्या कंपनीने स्वतःच्या ग्राहकांना प्रतिस्पर्ध्यांचा रस्ता दाखवण्याचा हा विरळा प्रसंग होता. ज्यांच्या देखरेखीखाली हे नकाशे तयार झाले होते, ते वरिष्ठ अधिकारी स्कॉट फोरस्टॉल कंपनी सोडणार असल्याची घोषणा त्यानंतर महिनाभरात झाली. डिसेंबर २०१२ मध्ये गूगलने आयफोनसाठी स्वतंत्र नकाशा ॲप आणले. पहिल्या ४८ तासांत ते १ कोटीहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले. ज्या बोलक्या मार्गदर्शनासाठी आयफोनधारकांना तीन वर्षे थांबावे लागले होते, तेही या ॲपमध्ये होते.

मात्र, चुका केवळ ॲपलच्याच नकाशांत होत्या असे नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये निकाराग्वाचे सैनिक कोस्टा रिकाने दावा सांगितलेल्या भूभागात असल्याच्या प्रकरणात निकाराग्वाचे अधिकारी एडन पास्तोरा यांनी गूगलच्या नकाशाचा दाखला दिला होता. त्या ठिकाणी सीमारेषेत २.७ किलोमीटरपर्यंत चूक असल्याचे गूगलने मान्य केले. हा भूभाग कोस्टा रिकाचा असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला.

स्पर्धेचे दोन परिणाम

या चुरशीमुळे नकाशांचा दर्जा सुधारला, ही तिची जमेची बाजू आहे. ॲपलने २०१५ मध्ये सार्वजनिक वाहतुकीची माहिती देण्यास सुरुवात केली. २०१८ पासून कंपनीने स्वतःच्या मोटारी फिरवून गोळा केलेल्या माहितीच्या आधारे नकाशे नव्याने रचण्यास घेतले आणि जानेवारी २०२० पर्यंत संपूर्ण अमेरिकेसाठी ते काम पूर्ण केले. नकाशांच्या विकासासाठी कंपनीने मे २०१६ मध्ये हैदराबाद इथेही कार्यालय सुरू केले.

दुसऱ्या बाजूने, स्पर्धेच्या ओघात नकाशे मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटत गेले. वाहतूक कोंडीची माहिती देणारी वेझ ही इस्रायली कंपनी २०१३ मध्ये गूगलने विकत घेतली. नोकियाने आपला नकाशा विभाग २०१५ मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर या जर्मन मोटार कंपन्यांना विकला. उल्लेखनीय म्हणजे गूगल आणि ॲपल यांचे व्यावसायिक संबंध या काळात कधीच तुटले नाहीत. ॲपलच्या ब्राउझरमध्ये आपली शोधसेवा प्रथम राहावी, यासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. खुल्या पर्यायांमध्ये २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांचा प्रकल्प महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी एकत्र येऊन ओव्हर्चर मॅप्स ही संस्था स्थापन केली.

भारतातील स्थिती

भारतात नकाशे काढण्याची परंपरा १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाशी जोडलेली आहे. दीर्घकाळ या क्षेत्रावर कडक निर्बंध होते. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मुभा दिली. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये गूगलने टेक महिंद्र आणि मुंबईतील जेनेसिस इंटरनॅशनल या भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने दहा शहरांत रस्त्यांची दृश्ये दाखवणारी सेवा सुरू केली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाणारे अहमदनगर या शहरांचा समावेश होता.

देशी कंपन्यांपैकी मॅपमायइंडिया १९९५ पासून या व्यवसायात आहे. टॅक्सी सेवा देणाऱ्या ओला कंपनीने जुलै २०२४ मध्ये गूगलचे नकाशे सोडून स्वतःचे नकाशे वापरण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच महिन्यात गूगलने भारतातील व्यावसायिक ग्राहकांसाठी आपले दर ७० टक्क्यांपर्यंत कमी केल्याची घोषणा केली.

दर कमी झाले, तरी अचूकतेचा प्रश्न कायम आहे. पत्त्याऐवजी देवळाची, वडाची किंवा शाळेची खूण सांगण्याची पद्धत, पावसाळ्यात वाहून जाणारे रस्ते आणि रातोरात बदलणारे वळणमार्ग यांमुळे भारतात नकाशा अद्ययावत ठेवणे अधिक कठीण ठरते. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी फोनवरील नकाशाच्या आधारे जाणारी मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर जाऊन बुडाली आणि चालकाचा मृत्यू झाला. वर्षातील काही महिने हा पूल पाण्याखाली असतो, हे स्थानिक रहिवाशांना ठाऊक होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली जिल्ह्यात रामगंगा नदीवरील अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तीन जणांचा मृत्यू झाला. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. तरीही नकाशावर रस्ता सलग दिसत होता आणि पुलाच्या तोंडाशी वाहने अडवण्यासाठी पुरेशी व्यवस्था नव्हती. याप्रकरणी नोंदवलेल्या गुन्ह्यात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांबरोबरच गूगलच्या नकाशा विभागाच्या एका अधिकाऱ्याचाही उल्लेख करण्यात आला.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

रस्ता बंद झाल्याची पहिली माहिती रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेकडे असते, तर प्रवासी मात्र कंपनीच्या नकाशावर विसंबून असतो. या दोहोंमध्ये नियमित देवाणघेवाण नसेल, तर कितीही प्रगत तंत्रज्ञान अपुरे पडते. चूक कळवण्याची सोय बहुतेक सर्व नकाशा ॲपमध्ये आहे आणि स्थानिक नागरिकांनी कळवलेल्या दुरुस्त्यांमुळेच हे नकाशे सुधारत आले आहेत. मात्र, ही सोय शासकीय यंत्रणेच्या सूचनेची किंवा जागेवरील अडथळ्यांची जागा घेऊ शकत नाही. अनोळखी भागात, रात्रीच्या वेळी आणि पावसाळ्यात फोनवरील नकाशापेक्षा रस्त्यावरील फलक, पोलिसांच्या सूचना आणि स्थानिकांनी दिलेली माहिती यांना प्राधान्य देणे हितावह ठरते. मिल्ड्युरापासून बरेलीपर्यंतच्या घटनांत नकाशा तयार करणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या होत्या. नकाशाने दाखवलेला मार्ग आणि जमिनीवरील खरी परिस्थिती यांतील तफावत मात्र सर्वत्र सारखीच होती.