बाहेरच्या पापुद्र्याची कुळकथा

काचपट्टीवर वाळवलेल्या थेंबावर आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल. इथेच हात थरथरतो. क्षणभर जास्त धुतलं की सगळाच रंग ओघळून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी सॅफ्रानिन. जांभळे राहिले ते ग्राम-पॉझिटिव्ह, गुलाबी झाले ते ग्राम-निगेटिव्ह. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या कुणाची बोटं यात रंगली नसतील!

हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने ही रीत १८८४ साली बर्लिनमध्ये काढली. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसात जंतू उठून दिसावेत, एवढंच त्याला हवं होतं. जिवाणूंची जातवारी लावायला तो बसलाच नव्हता. या दोन रंगांमागची रचना पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली. जांभळ्यांना पापुद्रा एकच, पण त्यावर पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत. गुलाबींची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक पापुद्रा.

यातला थोरला कोण? साधं ते आधीचं, हा हिशेब सहज पटतो, आणि तिथेच फसायला होतं. संशोधक राधे गुप्ता यांचा तर्क असा, की मूळ जिवाणू एकपदरी होते आणि प्रतिजैविकांच्या माऱ्यातून वाचायला काहींनी दुसरा पापुद्रा ओढून घेतला. जेम्स लेक यांनी २००९ मध्ये वेगळंच सुचवलं: एका जिवाणूने दुसऱ्याला पोटात घेतलं, म्हणून दोन पापुद्रे. मला ही गोष्ट जरा जास्तच रंगतदार वाटते.

या हिशेबात घोळ घातला तो आपल्याच तोंडात राहणाऱ्या व्हेलोनेला नावाच्या जिवाणूने. जनुकं पाहिली तर तो बॅसिलस-क्लॉस्ट्रिडियमच्या एकपदरी गोतावळ्यातला, अंगावर मात्र दोन पापुद्रे. उसने आणले म्हणावेत, तर जनुकांच्या वंशावळी वारशाकडे बोट दाखवतात. २०२१ साली जिवाणूंच्या वंशवृक्षाचं मूळ शोधणाऱ्या अभ्यासातही आद्य पूर्वज दोन पापुद्र्यांचाच असावा असं निघालं. म्हणजे एकपदरी घराण्यांनी बाहेरचा पापुद्रा गमावला, आणि तोही वेगवेगळ्या वेळी.

पण तो सुटला कसा? व्हेलोनेलात तो आतल्या भिंतीला ओम्प-एम नावाच्या प्रथिनाने टाचलेला असतो. संशोधकांनी त्याची जनुकं काढून टाकली. बाहेरचा पापुद्रा सुटून फुग्यासारखा फुगला, एकाच फुग्यात कित्येक पेशी दिसू लागल्या. आणि पेशी जगल्या.