पाणी किती, आणि कोणाला?

श्रोतेहो, "पाणी भरपूर प्या, म्हणजे मूत्रपिंडे धुऊन निघतात," असे आपण एकमेकांना सांगत असतो. उन्हात राबणाऱ्याला किंवा मुतखडा असणाऱ्याला हा सल्ला बहुधा मानवतो. पण ज्याची मूत्रपिंडे कायमची दुबळी झाली, त्याच्या तो जिवावरही बेततो. वैद्यकशास्त्राला हे शहाणपण सावकाशच आले.

लंडनच्या गाइज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंग सुजलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर तापवीत. ती गोठली, की मूत्रपिंडात बिघाड आहे, हे त्यांनी १८२७ साली ग्रंथातून दाखवून दिले. दुखणे कळले, उपाय मात्र नव्हता.

मूत्रपिंडे बंद पडली की पुष्कळ पाणी पाजावे, म्हणजे लघवी सुटेल, अशी समजूत पुढेही राहिली. पण मोरी तुंबली असता वरून घागरी ओतल्या, तर मोरी मोकळी होते का? घरातच पाणी होते! तसेच येथे झाले. पाणी फुप्फुसात साठून रोगी दगावत. १९४९ साली लंडनच्याच हॅमरस्मिथ रुग्णालयातील ग्रॅहम बुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट मांडली. दिवसाला सुमारे एक लिटर पाणी, त्यात ग्लुकोज आणि चक्क शेंगदाण्याचे तेल. हे सारे नळीने पोटात सोडायचे. मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडलेल्यांना या मोजक्या पाण्याने सावरायला अवसर मिळाला.

पण कायमच्या रोग्याचे काय? विलेम कोल्फ यांनी १९४३ साली नेदरलँड्समध्ये रक्त शुद्ध करणारे यंत्र रोग्यावर वापरले. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी नळी बसवली, आणि हे शुद्धीकरण, म्हणजे डायलिसिस, पुन्हापुन्हा करता येऊ लागले. माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. मात्र दोन डायलिसिसच्या मधे प्यालेले पाणी अंगातच राहते. म्हणून घोटाघोटाचा हिशेब आला.

तो हिशेब असा. आजार सुरुवातीचा असून लघवी नीट होत असेल, तर पाणी तोडण्याची गरज बहुधा नसते. लघवी घटली, की साधारणपणे आदल्या दिवशीची लघवी अधिक अर्धा लिटर, एवढेच प्यायचे. नेमके माप डॉक्टर सांगतील. चहा, ताक, आमटीचे पाणीही त्यातच धरावे. मीठ कमी केले की तहानही कमी लागते. रक्तात पोटॅशियम वाढलेल्याला शहाळ्याचे पाणी नि मोसंबीचा रस घातक, कारण ते फार चढले तर हृदय थांबू शकते. काळ्या कोलापेयांत फॉस्फरस असतो. कमरखाचा रस तर अशा रोग्याला विषच. तो मुळीच देऊ नये.

तेव्हा आजाऱ्याला भेटायला शहाळे घेऊन निघालात, तर आधी घरच्यांना विचारा, "यांना हे चालतं ना?" आणि गुरुजनहो, मुलांना पाण्याचे महत्त्व शिकवताना त्याचे मापही शिकवा.