गोदाकाठची चिमुकली सेना

इतिहासाच्या ग्रंथात 'सातवाहनांचे चतुरंग दळ' असे तीन शब्द लिहिले की लेखकाचे काम भागते. तेच दळ कुणी बोटभर उंचीच्या पुतळ्यांच्या रूपाने मेजावर मांडावयाचे ठरविले, तर मात्र पहिल्या शिपायापाशीच त्याचा हात अडतो. याच्या शेल्याचा रंग कोणता? ढाल चामड्याची की लाकडाची? पायांत वहाण होती काय? आणि तो उभा आहे ती जमीन काळी की तांबडी? शब्दांना ही उत्तरे टाळता येतात. रंगाच्या कुंचल्याला ती टाळता येत नाहीत.

पुरातन सैन्यांच्या प्रतिमा रंगवून त्यांच्या साहाय्याने पटावर युद्ध खेळण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत चांगला रुजला आहे. न्यूरेंबर्गच्या कथिलाच्या चपट्या शिपायांपासून त्याची परंपरा सांगता येते. एच. जी. वेल्स यांच्यासारख्या नामांकित कादंबरीकाराने 1913 साली या खेळाचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. प्राचीन युद्धांसाठी 1990 साली निघालेल्या एका सुटसुटीत नियमावलीत तर अख्खी सेना बारा तुकड्यांत बसविली आहे. पंधरा मिलिमीटर मापाच्या पुतळ्यांसाठी प्रत्येक तुकडीची बैठक चाळीस मिलिमीटर रुंद. भालाईत असतील तर एका बैठकीवर चौघे खेटून उभे. हलके पायदळ असेल तर दोघेच, मोकळे. हत्ती मात्र एकटा. बैठक पाहूनच सैन्याची चाल ओळखावी, असा हा संकेत आहे.

परंतु ही कल्पना पश्चिमेचीच, असे समजण्याचे कारण नाही. ईजिप्तमध्ये असियूत येथे मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात चाळीस ईजिप्ती भालाईत आणि चाळीस नूबियन तिरंदाज अशी दोन लाकडी पथके मिळाली. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहेत. चार-चारांच्या दहा ओळी फळीवर पक्क्या बसविलेल्या, अंगे रंगविलेली, आणि ढालींवर गाईच्या कातड्याचे ठिपके काढलेले. तेही ढालीगणिक निराळे. कारागिराला एकसारखे चाळीस ठिपके काढणे सोपे गेले असते. त्याने ते केले नाही.

गोदावरीच्या खोऱ्यातही बैठकीची विद्या जुनी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली चार कांस्यप्रतिमा सापडल्या. त्यांतील हत्तीच्या पायांखाली सपाट पट्टी असून तिला आस ओवण्यासाठी भोके ठेवलेली आहेत. ती सेना नव्हे, हे खरे. पण जड प्रतिमा चार पायांवर तोलून कशी उभी करावी, हा प्रश्न तेथे सुटलेला दिसतो.

ओतकामाची ती परंपरा आदिलाबादच्या डोंगराळ मुलुखात आजही जिवंत आहे. उशेगाव, केसलागुडा या गावांतील ओझा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून घोडे, हत्ती आणि गोंडांच्या देवतांच्या मूर्ती घडवितात. वरून मातीचा लेप, मग भट्टी. मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात बाराव्या शतकात हीच रीत सांगितली आहे. साचा फोडल्यावाचून मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून एकीसारखी दुसरी होत नाही. कारखान्यात एका ठशाचे शंभर शिपाई काढणाऱ्याला ही उणीव वाटेल. असियूतच्या कारागिराला ती वाटली नसती.

रंगकामासाठी मात्र निर्मलकडे वळावे लागते. 2016 पर्यंत हे गाव आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या वर्षी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील नक्काश पोणिकीचे मऊ, हलके लाकूड कोरतात. चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे बुजवितात, पांढऱ्या मातीचा हात देतात आणि मगच रंग चढवितात. लहान प्रतिमेवर आधी पांढरे अस्तर नसेल तर रंग उठत नाही, ही गोष्ट युरोपातील छांदिष्टांनाही अनुभवाने शिकावी लागली. निर्मलच्या घराण्यांत ती हातोहात चालत आली आहे.

आता रंग कोणते? सातवाहनांची नाणी जेथे विपुल सापडली ते कोटिलिंगाल गोदावरीच्या उजव्या तीरावर आहे. पैलतीर जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा. तेथील मातीने नाणी दिली, वस्त्रे दिली नाहीत. ग्रीकांची साक्ष काढावी, तर निआर्कसच्या आधारे आरियन लिहितो की, हिंदी तिरंदाजाचे धनुष्य पुरुषभर उंच असे. तो ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबी आणि बाण सोडी. दाढ्या पांढऱ्या, निळ्या, तांबड्या, जांभळ्या, हिरव्याही रंगवीत, असेही तो सांगतो. रंगविणाऱ्याला यापरता मोह कोणता! पण ती हकीकत सिंधूकाठची आहे. ती उचलून गोदाकाठी लावणे हा इतिहासाला दिलेला चकवा होईल.

अधिक जवळचे पुरावे दोन. सांचीच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागीरप्रमुखाचा, आनंदाचा, लेख आहे, आणि त्याच तोरणावर कुशीनगरच्या वेढ्याचे शिल्प आहे. त्यातील बहुतेक पायदळ उघड्या अंगाचे, फेटे बांधलेले, लांब ढाली घेतलेले आहे. दिनदर्शिकांवरील चित्रांत सातवाहन वीरांच्या अंगावर जी चकचकीत चिलखते दिसतात, त्यांना येथे फारसा आधार मिळत नाही. दुसरा पुरावा अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आहे. तेथील जुन्या चित्रांत बोधिवृक्षाकडे निघालेल्या राजाच्या परिवारात शस्त्रधारी माणसेही आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुन्याचा पांढरा, एवढ्या सामग्रीत ते जग रंगविलेले आहे. लाजवर्दाची निळाई पाचव्या शतकातील लेण्यांची. तेव्हा या सेनेच्या रंगपेटीतून निळी बाटली बाजूला ठेवलेली बरी.

राहता राहिली बैठक. मराठी मुले दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव आणि मोहरी पेरून मावळ्यांच्या पायांखाली हिरवळ उगवितात, तीच युक्ती येथे वाळू आणि वाळक्या गवताने साधतात. पण कोणत्या रणभूमीची वाळू? कलिंगाचा राजा खारवेल याने सातकर्णीची पर्वा न करता घोडे, हत्ती, पायदळ आणि रथ पश्चिमेकडे धाडले व ते कण्हबेंणा नदीपर्यंत पोहोचले, असे हाथीगुंफेचा लेख सांगतो. ही नदी कृष्णा असे काही पंडित म्हणतात. काहींच्या मते ती कन्हान-वैनगंगा. वैनगंगा वर्धेला मिळाली की प्राणहिता होते आणि जुन्या आदिलाबादची पूर्व सीमा आखीत गोदावरीत शिरते. तिच्या काठी सागाचे रान आहे. ज्याने आपल्या बोटभर शिपायांच्या पायांखाली सागाचा पाचोळा पसरला, त्याने या वादात आपले मत नोंदविले.